बेलाडोनाच्या खणातला लाल

लातूरच्या एका साडीच्या दुकानात छत्तीस वर्षं गादीवर बसून रामलिंगअप्पा हालकुडे निवृत्त झाले, तेव्हा मालकांनी त्यांना शाल-नारळ दिला आणि भाषणात सांगितलं, की अप्पांसारखी रंगाची नजर सबंध जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नाही. टाळ्या वाजल्या. अप्पांनी मान खाली घातली. लोकांना तो त्यांचा विनय वाटला.

खरी गोष्ट अशी होती, की अप्पांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. जन्मापासूनच. तपकिरी, शेवाळी, डाळिंबी हे सगळं त्यांच्या लेखी एकाच मातीचं होतं. मोरपंखी त्यांना राखेसारखा दिसायचा आणि गुलाबीही राखेसारखाच. जांभळा म्हणजे निळाच. पिवळा तेवढा स्वच्छ कळायचा, निळाही कळायचा. एवढ्या दोन रंगांवर त्यांनी छत्तीस वर्षं साड्या विकल्या आणि हे कुणालाही, अगदी बायकोलाही, कळू दिलं नाही.

दुकानातली कुठली साडी कुठल्या फळीवर, कितवी, हे त्यांना तोंडपाठ असायचं. डावीकडची तिसरी फळी लाल, तिच्या खालची हिरवी. नवा माल आला की खोक्यावरची चिठ्ठी वाचून ते स्वतः लावायचे. दुसऱ्या कुणी फळीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. गादीवर साड्यांचा ढीग होऊन जागा मोडल्या, तर ते गिऱ्हाईक बाईलाच विचारायचे, "ताई, ह्या रंगाला तुमच्याकडं काय म्हणतात?"

बाई खुशीत यायची. "आमच्याकडं याला वांगी म्हणतात बगा."

"वा," अप्पा म्हणायचे. "आमच्याकडंबी वांगीच."

रेणापूर, औसा, पार देवणीहून बायका यायच्या आणि दुकानात पाय ठेवण्याआधीच विचारायच्या, "अप्पा हायत का?" अप्पा गावाला गेले असतील तर लग्नाचा बस्ता पुढे ढकलायच्या.

निवृत्त होऊन तिसराच दिवस. मंजुश्रीबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. त्यांना भरतकामाचा भारी नाद. ब्लाउज, अभ्रे, रुमाल, जे सापडेल त्यावर त्या टाके घालायच्या आणि गल्लीतल्या बायकांचं कामही घ्यायच्या. आतून त्या म्हणाल्या, "अहो, त्या पिशवीतली गर्द हिरवी लडी काढून ठेवा बरं तेवढी."

अप्पांनी पिशवीत हात घातला आणि ते तिथंच अडकले.

मंजुश्रीबाईंचे रेशमाचे धागे म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. पाचशेच्या वर लड्या, आणि त्या घरभर. काही कापडी पिशवीत, काही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, काही जुन्या मिसळणाच्या डब्यात, त्यामुळे पांढऱ्यालाही हळदीची झाक. एक लडी ओढली की तिच्यासोबत आणखी चार लड्या, एक सुई आणि दवाखान्याची एखादी जुनी चिठ्ठी वर यायची. मंजुश्रीबाईंना मात्र त्यातून हवी ती लडी डोळ्यांनी टिपता यायची. अप्पांना तिथं फळीही नव्हती आणि चिठ्ठीही नव्हती.

"असल्या गोंधळात माणसानं शोधावं तरी कसं?" अप्पा ओरडले. "आधी हे नीट लावलं पाहिजे!"

मंजुश्रीबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. चौतीस वर्षांत नवऱ्यानं त्यांच्या धाग्यांबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता. त्यांना भरून आलं.

मग अप्पा कामाला लागले. मागच्या गल्लीतले डॉक्टर विरूपाक्ष स्वामी होमिओपॅथीचा दवाखाना बंद करून मुलाकडे सोलापूरला चालले होते. त्यांच्याकडे सागवानी कपाट होतं, बारीक बारीक एकशेवीस खणांचं. "न्या की, अप्पा," डॉक्टर म्हणाले, "मुलाच्या फ्लॅटात मीच कसाबसा मावणार आहे." कपाट हातगाड्यावरून घरी आलं. प्रत्येक खणावर पितळी पट्टीत औषधाचं नाव होतं: अर्निका, बेलाडोना, नक्स व्होमिका, पल्सेटिला. अप्पांनी ती नावं तशीच ठेवली. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, त्यांना दोन्ही बाजूंनी खाचा पाडून, एकेक लडी त्यावर गुंडाळली. लडीच्या कागदावर छापलेला नंबर पुठ्ठ्यावर बॉलपेननं उतरवला. आणि गुंडाळताना प्रत्येक वेळी अगदी सहज विचारलं, "मंजू, ह्या रंगाला तू काय म्हणतीस?"

"कुंकवाचा लाल."

तो बेलाडोनात गेला. गर्द हिरवा अर्निकात. मोरपंखी पल्सेटिलात. दोन महिन्यांत एकशेवीस खण अप्पांच्या डोक्यात बसले. आता मंजुश्रीबाईंनी हाक मारायचा अवकाश, की अप्पा न बघता खण ओढून लडी हातात ठेवायचे. धाग्यांना औषधाचा गोडसर वास यायला लागला, पण तक्रार कुणाचीच नव्हती. दोघांची भाषाही बदलली. "मंजू, अजून बेलाडोना देऊ का?" "न्हाई, अर्निकाच द्या, लई लागू लालंय." हे खिडकीतून ऐकून शेजारची वर्षाराणी एकदा काळजीनं डाळीचं पाणी घेऊन आली होती.

हे सुख जानेवारीच्या शेवटापर्यंत टिकलं.

मंजुश्रीबाईंच्या नांदेडच्या भावाची मुलगी सुकन्या, तिचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. अक्षतेच्या वेळचा ब्लाउज आत्यानंच भरायचा, हे सुकन्याच्या जन्मापासून ठरलेलं होतं. मंजुश्रीबाई बारा-तेरा दिवस आधी नांदेडला जाणार, आणि सोबतीला देवणीची धाकटी बहीण महानंदा. महानंदा दोन दिवस आधीच लातूरला आली. महानंदा ही रिकामी बसू न शकणारी बाई होती. कुणाच्याही घरी गेली की ती तिथला फ्रीज पुसायची.

एका सकाळी अप्पा बाजारात गेले आणि मंजुश्रीबाई शिंप्याकडे. तीन तासांनी अप्पा परत आले, तेव्हा महानंदा कपाटासमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"दाजी, बगा तर!"

तिनं सगळ्या पुठ्ठ्यांवरचे धागे सोडवले होते. त्यांच्या सुरेख तीनपदरी वेण्या घातल्या होत्या. आणि त्या वेण्या रंगानुसार, फिक्यापासून गडदपर्यंत, पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत लावल्या होत्या.

"पुठ्ठे?" अप्पांनी विचारलं.

"ते काय, कळकट झाले होते. घंटागाडीत टाकून दिले."

अप्पा खाली बसले. मंजुश्रीबाई घरी आल्या आणि कपाट बघून हरखल्या. "अगं बया! इंद्रधनुष्यच की! अहो, कसं दिसतंय?"

"शोभतंय," अप्पा म्हणाले. रंगाचा प्रश्न आला की चौतीस वर्षं ते हेच उत्तर देत आले होते.

दोघी बहिणी वेलबुट्टीच्या नक्षीला लागतील तेवढे धागे घेऊन नांदेडला गेल्या. चौथ्या दिवशी दुपारी अप्पांचा बटनाचा मोबाइल वाजला.

"अहो, ऐका," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "वेलबुट्टी रद्द झाली. उमावैनी म्हणतीय मोरच पायजेत. दोन्ही बाह्यांवर दोन आन् पाठीवर एक, पिसारा फुलवलेला. एका मोराची मान झाली, अन् मोरपंखी संपला. उद्या सकाळच्या गाडीनं धागे घेऊन या. मोरपंखी, गर्द हिरवा, पोपटी, डाळिंबी, जांभळा आणि पिवळा. चार-चार लड्या."

"खण कुठला?" अप्पांनी क्षीण आवाजात विचारलं.

"आता खण कशाला लागतोय? महानंदानं रंगवार लावलंय. उघडलं की दिसतंय."

"इथल्या दुकानातून नवे आणले तर?"

"आन् घरात एवढं पडलंय ते कुणासाठी?" फोन बंद झाला.

अप्पांनी एकशेवीस खण उघडले. पिवळा सापडला. मग त्यांनी शांत डोक्यानं विचार केला. स्वयंपाकघरातून एक वाळलेली लाल मिरची आणि एक ताजी हिरवी मिरची आणून ओट्यावर ठेवली. लाल मिरची वाळलेली असते आणि हिरवी ताजी, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याशेजारी एक वेणी ठेवून बघितली. ती दोन्ही मिरच्यांशेजारी सारखीच शोभत होती.

मग त्यांनी जुनी युक्ती काढली. हातात एक वेणी घेऊन ते वर्षाराणीच्या दारात गेले. "बाई, ह्या रंगाला तुमच्याकडं काय म्हणतात?"

वर्षाराणीनं हात जोडले. "अप्पा, माझी परीक्षा घेऊन राहिलात व्हय? तुमच्यापुढं मी काय रंग सांगू? माझा शालू तुम्हीच काढून दिला होता. अजून लोक नाव काढतात." आणि तिनं तो शालू कपाटातून काढून दाखवला, चहा पाजला, पण वेणीचा रंग काही सांगितला नाही. बाहेर येताना अप्पांना वाटलं, इतकं नाव व्हायला नको होतं.

शेवटी त्यांनी अंदाज बांधला. महानंदानं फिक्यापासून गडद लावलंय म्हणजे गर्द हिरवा हा शेवटाकडे असणार. मोरपंखी राखेसारखा दिसतो, म्हणून राखेसारखं जे दिसलं ते घेतलं. सगळं चार पुडांच्या जेवणाच्या डब्यात भरलं, कारण डबा बंद राहतो आणि लोक उघडून बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं ते निघाले. अहमदपूरला चहा प्याले. लोह्यापर्यंत त्यांना वाटत होतं की निम्मे तरी बरोबर असतील. नांदेड जवळ आलं तसे ते पाव हिश्शावर आले.

भावाचं घर लग्नाच्या गडबडीत होतं. भाऊ पत्रिका वाटायला हिमायतनगरकडे गेला होता. बैठकीत सतरंजीवर मंजुश्रीबाई आणि महानंदा ब्लाउजचं कापड ताणून बसल्या होत्या. वधूमाय उमादेवी शेजारी उभी राहून मोर कसे असावेत ते सांगत होती, आणि सुकन्या भिंतीला टेकून "चालंल, चालंल" म्हणत होती.

"आले! आमचे रंगमहर्षी आले!" उमादेवी म्हणाली.

मंजुश्रीबाईंनी डबा उघडला. पहिला पूड मोरपंखीचा. त्यात दोन राखाडी वेण्या, दोन गुलाबी. दुसरा गर्द हिरव्याचा. त्यात चॉकलेटी. बाकीच्या दोन पुडांत पोपटीच्या जागी नारिंगी, डाळिंबीच्या जागी शेवाळी, जांभळ्याच्या जागी निळा. पिवळा तेवढा पिवळा होता.

उमादेवीनं चॉकलेटी वेणी उचलून उजेडात धरली.

"दाजी," ती म्हणाली, "असला मोर भरला तर लोक त्याला म्हैस म्हणतील."

महानंदा हसली. मंजुश्रीबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. छत्तीस वर्षं रंगांवर जगलेला माणूस, आणि हिरव्याच्या जागी चॉकलेटी. उमादेवीच्याही ते लक्षात आलं. तिनं महानंदाला कोपरानं ढोसलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आमच्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा कणगीत ठेवायचे. मग आम्हालाच विचारायचे, तुमी कोण गावचे?"

त्यानंतर सगळ्याच बायका अप्पांशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागल्या.

"दाजी! पाणी! पिता का?"

"दाजी, आज वार कोणता हाय, सांगता का बरं?"

अप्पा विचारात पडले. मंगळवार होता, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांच्यापुढे दोन वाटा उघड्या होत्या. माणूस म्हातारपणी विसरायला लागला तर लोक हळहळतात, त्याची जुनी कर्तबगारी आठवतात. आणि ज्याला कधी दिसतच नव्हतं, त्याची शाल लोक परत मागतात. अप्पांनी छताकडे बघितलं.

"गुरुवार," ते म्हणाले.

उमादेवीनं कपाळाला हात लावला. महानंदाचं हसू गेलं. सुकन्या धावत जाऊन अप्पांच्या पाठीमागे तक्क्या ठेवून आली. अप्पांना वाटलं, जमतंय. मग त्यांचं लक्ष मंजुश्रीबाईंकडे गेलं. त्यांच्या हातातली सुई थांबली होती आणि डोळ्यांतलं पाणी सरळ मोराच्या मानेवर पडत होतं.

हे काही अप्पांना सहन झालं नाही. ते उठले. "मंजू, जरा गच्चीवर चल."

"अक्का, जिन्यात हात धर गं त्यांचा," महानंदा मागून म्हणाली.

गच्चीवर लग्नाच्या कुरडया वाळत होत्या. अप्पा टाकीच्या सावलीत उभे राहिले आणि म्हणाले, "आज मंगळवार हाय. मला सगळं आठवतंय. आपल्या लग्नात तुझ्या मामानं जिलबीवरून केलेलं भांडणबी आठवतंय. मला विसर पडला न्हाई. मला लाल-हिरवं कळतच न्हाई. कधीच कळलं न्हाई."

मंजुश्रीबाईंनी पदरानं डोळे पुसले. "म्हणजे?"

"म्हणजे दिसतं, पर वेगळं दिसत न्हाई. शाळेत चित्राच्या तासाला झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून मास्तरनं लई मारलं होतं. तेव्हापासून रंगाचं नाव मी आपण होऊन घेतलं न्हाई."

"ही टाकी कसली हाय?"

"काळी."

"माझी साडी?"

अप्पांनी नीट बघितलं. "सुती."

"रंग विचारला मी!"

"शोभतीय," अप्पा म्हणाले.

मंजुश्रीबाई कुरडयांच्या शेजारी मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता मधेच थांबल्या. "म्हणून टमाटे दाबून दाबून घेता व्हय! मला वाटायचं, काय चिकट माणूस हाय, भाजीवाल्याचं डोकं खातो." पुन्हा हसल्या. मग एकदम रागावल्या. "चौतीस वर्षं! चौतीस वर्षं मी तुम्हाला विचारून साडी नेसते! मला कामून सांगितलं न्हाई?"

"लग्न ठरताना तुझ्या वडलांनी विचारलं, पोरगा काय करतो? आमचे वडील म्हणाले, साड्यांच्या दुकानात लागलाय, रंगाची जाण हाय. तिथंच अडकलो. मग रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, तू म्हणशील फसवलं."

"फसवलंच की!"

"हाव," अप्पा म्हणाले. "फसवलं."

ते इतक्या सरळ म्हणाले की मंजुश्रीबाईंचा राग जरा उताराला लागला. त्यांनी एक अर्धवट वाळलेली कुरडई उचलून तोंडात टाकली. "पर मग त्या बायका? देवणीहून यायच्या त्या? त्यांना साड्या कशा निवडून द्यायचात?"

"मी कुठं निवडत होतो? त्याच निवडायच्या. दहा साड्या टाकल्या की बाई नवव्या साडीची घडी उलगडून बघती, भाव विचारती, सासूला दाखवती. आन् नजर सारखी तिसऱ्या साडीवर जाती. मग मी तिसरी पुढं सारायचो. म्हणायचो, ताई, तुमच्या अंगाला हीच. बाई म्हणायची, अगं माय, अप्पांनी मनातलं ओळखलं. मी तोंडं बघायचो मंजू. तोंड मला चांगलं दिसतं." ते जरा थांबले. "जसं की, सुकन्याला मोर नकोत."

"काय?"

"वैनी मोर म्हणाल्या की पोरगी पायाचा अंगठा दुमडती. मी आल्यापासून चार वेळा दुमडला."

खाली आल्यावर उमादेवीनं कुठल्याशा मेंदूच्या डॉक्टरचा नंबर शोधून ठेवलेला होता. मंजुश्रीबाई काही बोलणार, तेवढ्यात अप्पाच बैठकीच्या मधोमध उभे राहिले. घसा साफ केला आणि गच्चीवर सांगितलं ते सगळ्यांना सांगून टाकलं. सांगताना मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पहिली बोलली महानंदा. "दाजी! माझ्या लग्नाचा शालू तुम्हीच निवडला होता!"

"तूच निवडला होतास. मी घडी घातली."

महानंदानं आठवून बघितलं आणि तिला ते पटल्यासारखं दिसलं. मग तिच्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला आणि तिनं तोंडावर हात घेतला. "आन् मी तुमचे नंबरचे पुठ्ठे घंटागाडीत टाकले! अगं बया, मी वेण्या घालत बसले!"

"वेण्या चांगल्या झाल्यात," अप्पा म्हणाले. "घट्ट हायत."

"ते ऱ्हाऊ द्या," उमादेवी म्हणाली. लग्न आता आठ दिवसांवर आलं होतं. "डोकं ठीक हाय ना? मग झालं. आता मोरांचं काय करायचं ते बगा."

"सुकन्या," अप्पांनी हाक मारली. "बाळ, तुला मोर पायजेत का?"

"चालंल की, मामा," सुकन्या म्हणाली. सगळ्यांनी तिच्या पायाकडे बघितलं. अंगठा दुमडलेला होता.

"चालंल का, हे विचारलं न्हाई. पायजेत का?"

सुकन्यानं आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि मग तिचा बांध एकदम फुटला. "नकोत! एकबी नको! आई, त्यांचं आडनाव मोरगे हाय! साखरपुड्यापासून सगळ्या मैत्रिणी मला लांडोर म्हणून राहिल्यात. ग्रुपचं नाव बदलून लांडोर ठेवलंय. आन् तू पाठीवर पिसारा फुलवून मला मांडवात उभी करू लालीस!"

उमादेवीनं हातातला डॉक्टरांचा नंबर खाली ठेवला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मोरग्यांच्या घरात मोर घेऊन जायचं म्हणजे मान राखणं, असंच तिला वाटत होतं. उलट तिनं रुखवतातही दोन मोर सांगून ठेवले होते. तिचा चेहरा आधी दुखावला, मग ती हळूच "लांडोर" असं स्वतःशी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. तिच्या मागोमाग महानंदा, मग सगळ्याच. सुकन्या मात्र रडत होती, त्यामुळे सगळ्यांना पाळीपाळीनं हसावं लागलं.

"मग तुला काय पायजे?" मंजुश्रीबाईंनी विचारलं.

सुकन्या शेतकी कॉलेजात शिकली होती आणि तिचा शेवटच्या वर्षाचा सगळा अभ्यास करडईवर झाला होता. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "करडईची फुलं. पर कुणी भरत न्हाई ती. सगळे कमळ न्हाईतर गुलाब भरतात."

"त्याला काटे असतात गं," उमादेवी म्हणाली.

"आसू देत."

मंजुश्रीबाईंनी कापड पुढे ओढलं. करडई त्यांनी आयुष्यभर बघितली होती, पण कापडावर कुणी मागितली नव्हती. त्यांनी बोटानं हवेत एक फूल काढून बघितलं. खाली गाठीच्या टाक्याचं बोंड, वर सुट्या उभ्या टाक्यांचा झुबका. कडेला पिवळा, मग केशरी, आणि मधे वाळत चाललेल्या पाकळीचा तांबूस. काट्याच्या पानांना हिरवा. "जमंल," त्या म्हणाल्या. "पिवळा ह्यांनी आणलाच हाय."

पोपटी म्हणून आणलेला नारिंगी करडईला फार भडक निघाला. केशरी आणि हिरव्यासाठी दुपारी मंजुश्रीबाई आणि अप्पा वजिराबादच्या बाजारात गेले. दुकानदारानं लड्यांचे ट्रे पुढे मांडले. मंजुश्रीबाईंनी दोन केशरी हातात घेतल्या आणि सवयीनं विचारलं, "अहो, यातला कुठला?" मग त्यांना आठवलं आणि त्या ओशाळल्या.

"उजव्या हातातला," अप्पा म्हणाले.

"तुम्हाला काय कळलं?"

"डावा तू खाली ठेवू लालीस."

संध्याकाळी मोराची मान उसवली. उमादेवीनं स्वतः उसवली, बारीक कात्रीनं, एकेक टाका. पुढचे सात दिवस दोघी बहिणी पाळीपाळीनं भरत राहिल्या आणि अप्पा त्यांना सुईत दोरा ओवून देत राहिले. मंजुश्रीबाईंनी नव्या लड्यांच्या कागदांवर पेनानं रंगांची नावं लिहून दिली होती, त्यामुळे अप्पांचं एकदाही चुकलं नाही. रुखवतातले मोर ठेवायचे की काढायचे यावर बराच खल झाला. शेवटी एक ठेवला.

लग्नात ब्लाउज सगळ्यांनी वाखाणला. नवऱ्या मुलाच्या एका आत्यानं ही सूर्यफुलं असं जाहीर केलं, तेव्हा सुकन्यानं बोहल्यावर उभी राहून तिला करडईची पाकळी आणि सूर्यफुलाची पाकळी यांतला फरक समजावून सांगितला. भटजी तोवर थांबले होते. सुकन्याच्या पायांची दहाही बोटं सरळ आहेत, हे अप्पांनी दुरून पाहून घेतलं.

लातूरला परतल्यावर अप्पांनी ठरवलं, की आता लपवायचं नाही. त्यांनी दुकानात जाऊन मालकांना सांगितलं. मालक खदखदून हसले आणि म्हणाले, अप्पा, तुमची थट्टा करायची सवय गेली नाही. वर्षाराणीला सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही. उलट जाऊबाईच्या साडीवर कुठला ब्लाउज जाईल ते विचारून घेतलं. गावात कुणीच मानायला तयार होईना, तेव्हा अप्पांनी नाद सोडला.

कपाट पुन्हा लावायला मार्च उजाडला. महानंदा भरपाई म्हणून देवणीहून चार दिवसांसाठी आली. येताना ती कोरे पुठ्ठे कापून घेऊन आली होती. तिघं सतरंजीवर बसले. नंबर तर गेलेच होते, म्हणून ह्या वेळी पुठ्ठ्यावर रंगाचं नाव लिहायचं ठरलं. मंजुश्रीबाई नाव सांगणार, महानंदा लिहिणार आणि अप्पा गुंडाळणार.

पहिल्या तासात सत्तर पुठ्ठे झाले. मग मंजुश्रीबाईंनी एक वेणी सोडवली आणि म्हणाल्या, "मेंदी."

महानंदानं पेन उचललंच नाही. "अक्का, हा शेवाळी हाय."

"मेंदी हाय. मी चाळीस वर्षं भरतकाम करतीय."

"आन् मला डोळे न्हाईत व्हय? यात पिवळी झाक कुठंय? शेवाळीच."

वेणी उजेडात नेऊन बघितली. सावलीत धरून बघितली. पांढऱ्या भिंतीवर, काळ्या फरशीवर ठेवून बघितली. महानंदानं फोनवर फोटो काढून नांदेडला पाठवला. उमादेवीनं तिकडून कळवलं, की हा दोन्ही नाही, हा भेंडी आहे. तेव्हा आवाज आणखी चढले. अप्पा धागा गुंडाळत शांतपणे बसले होते. थोड्या वेळानं दोघी एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"तुमी सांगा हो!"

अप्पांनी वेणी हातात घेतली, चष्मा वर केला आणि दोघींची तोंडं नीट निरखून बघितली. मग कोरा पुठ्ठा घेऊन ती त्यावर गुंडाळली, कपाटाचा एक रिकामा खण ओढला, आत ठेवली आणि लावून टाकला.

"नक्स व्होमिका," ते म्हणाले. "पुढचा घ्या."